चुलीसाठी उठलेला गाढव नव्हे

"आमच्यात दुपारचं दूध नसतंय बघा," मालूआत्या म्हणाली. "सकाळचं संपलं. आता संध्याकाळी गंगावेशीत म्हशी आल्या की धार काढून आणायचं. तोवर कोकम चालंल न्हवं?"

पुण्याहून आलेल्या वैशंपायनसाहेबांनी कोकमाचा ग्लास घेतला, खाली स्वतःचा रुमाल घडी करून ठेवला आणि त्यावर तो टेकवला. "मला खरं तर काहीच नको होतं," ते म्हणाले. "आपण कामाला सुरुवात करू या का?"

काम म्हणजे झब्बू खेळणं. मी आणि माझा कॉलेजपासूनचा मित्र इंद्रजित, म्हणजे इंद्या, आम्ही दोघांनी मिळून फोनवर खेळायचा झब्बू बनवला होता. चार माणसं चार गावांत असली तरी एकाच डावाला बसू शकतील असा. आमचं ऑफिस म्हणजे आत्याचा हॉल, आमचं फर्निचर म्हणजे आत्याचा दिवाण आणि आमचं कॅन्टीनही आत्याच. वैशंपायनसाहेबांची कंपनी असे खेळ चालवायला घ्यायची. त्यांनी आमचा खेळ घेतला तर आमचं भलं होणार होतं. नाही घेतला तर माझी हैदराबादला रवानगी होणार होती.

कारण खालच्या मजल्यावर माझे वडील होते. आबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे पाणी कुठं अडवायचं हे त्यांना पक्कं ठाऊक. त्यांनी माझ्यासाठी हैदराबादची एक नोकरी ठरवूनच ठेवली होती. "मे महिना संपेस्तोवर काय पत्ते कुटायचे ते कुटा," ते म्हणाले होते. "जूनला गपगुमान गाडीत बसायचं." आणि तो मे महिना आता शेपटापर्यंत आला होता. मला कोल्हापूर सोडायचं नव्हतं. इंद्याला, आत्याला, त्या दिवाणाला सोडून त्या शहरात मी काय करणार होते, देव जाणे.

वैशंपायनसाहेबांची अट एकच होती. ती त्यांनी फोनवरच घातली होती. "समजा तीनच माणसं जमली. चौथा मिळाला नाही. मग काय त्यांनी एकमेकांची तोंडं बघत बसायचं? खेळात संगणक हवा. माणूस नसेल तिथं संगणक बसेल." आबांचंही हेच म्हणणं. "चौथा नसला तर मशीन बसवायचं. माणसाची वाट कशाला बघायची?" जगात या दोघांचं एवढ्या एका गोष्टीवर एकमत होतं आणि ती नेमकी आमच्या मुळावर यायची होती.

ज्यांनी झब्बू खेळलेला नाही अशा अभागी जिवांसाठी थोडक्यात सांगते. एकानं जे पान टाकलं त्याच रंगाचं पान बाकीच्यांनी टाकायचं. तुमच्याकडं तो रंग नसला तर तुम्ही भलतंच पान टाकून झब्बू देता, आणि मूळ रंगाचं सगळ्यांत मोठं पान ज्याचं असेल त्या बिचाऱ्याला पडलेली सगळी पानं उचलावी लागतात. ज्याची पानं संपली तो सुटला. शेवटी ज्याच्या हातात पानं उरतात तो गाढव. या खेळात जिंकत कुणीच नाही, सगळ्यांचा जीव फक्त गाढव न होण्यात अडकलेला असतो.

आमच्या घरी गाढवाला शिक्षा होती. त्यानं गॅलरीत जाऊन तीनदा ओरडायचं आणि मग पुढच्या डावासाठी पानं पिसायची. आमच्याकडं बहुतेक वेळा आबाच गाढव व्हायचे. त्यांचं ओरडणं खालच्या इस्त्रीवाल्याला एवढं पाठ झालं होतं की ते ऐकून तो घड्याळ लावायचा म्हणे. आणि मालूआत्या? ती मात्र माझ्या जन्मात कधी गाढव झाली नव्हती. शेवटी आबांनी वैतागून शपथच घेतली. "माली ज्या दिवशी गाढव होईल त्या दिवशी मला हाक मारा. तोवर मी पत्त्यांना शिवणार नाही." या गोष्टीला दोन वर्षं झाली होती आणि त्यांना हाक मारायची वेळ काही आली नव्हती.

आता, संगणकाला झब्बू शिकवायचा कसा, हा प्रश्न होता. मी त्याला नियम शिकवले, तर तो बालवाडीतल्या पोरासारखा खेळायला लागला. तेव्हा इंद्याला युक्ती सुचली. आत्या, तिच्या तीन मैत्रिणी आणि नात्यागोत्यातली झाडून सगळी माणसं आमच्या खेळावर कित्येक महिने रोज दुपारी खेळत होती. ते सगळे डाव आमच्याकडं साठवलेले होते.

"त्याला हे सगळे डाव दाखवायचे," इंद्या म्हणाला. "आणि एकच सांगायचं, काय वाट्टेल ते कर लेका, पण गाढव होऊ नकोस."

तसं केलं, आणि काय सांगू, संगणक एका रात्रीत शहाणा झाला. आम्ही चाचणी घेतली. गाढव कोण झालं एवढंच आम्ही बघत होतो, आणि आमचा गडी एकदाही गाढव झाला नव्हता. एकदाही! इंद्या हॉलभर नाचला. आत्यानं दोघांची दृष्ट काढली. मी मनातल्या मनात हैदराबादच्या गाडीला टाटा केला.

तर असे आम्ही फुगलेले, आणि समोर रुमालावर ग्लास ठेवून वैशंपायनसाहेब.

साहेबांनी फोन हातात घेतला. डावाला ते एकटे आणि समोर तीन संगणक. इंद्यानं हौसेनं त्यांची नावं यंत्रोजी, तंत्रोजी आणि मंत्रोजी अशी ठेवली होती. मी आणि इंद्या साहेबांच्या खांद्यावरून बघत होतो. आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

साहेब खेळाडू माणूस निघाले. ओठ आवळून, एकेक पान जोखून टाकत होते. मधेच त्यांनी यंत्रोजीला असा दणदणीत झब्बू दिला की त्याच्या हातात पानांचा ढीग झाला.

"छान!" मी म्हणाले. "आता बघा तो कसा डोकं चालवतो ते."

यंत्रोजीनं थोडा विचार केला. मग त्याच्या डोक्यावर एक फुगा आला आणि त्यात अक्षरं उमटली: दूध उतू जातंय, आलो हं!

आणि यंत्रोजी उठून गेला. त्याची खुर्ची रिकामी.

साहेबांनी चष्मा वर केला. "हे काय आहे?"

"ते..." इंद्या पुढं सरकला. "ते सर, जरा घरगुती वाटावं म्हणून."

असली तयार वाक्यं आम्ही खेळात घातली होती हे खरं. खेळता खेळता कुणाला काही बोलायचं असेल तर बटण दाबायचं आणि वाक्य जायचं. आत्यानंच ती निवडून दिली होती. पण ती माणसांसाठी होती. यंत्रोजीला कसलं आलंय दूध?

साहेबांनी पुढचं पान टाकलं. दोन हातांनंतर मंत्रोजीची वेळ भरली. त्यानं मोठमोठी पानं उचलली आणि लगेच फुगा: कुकर झाला वाटतं, बघून येतो! झाला पसार.

इंद्या दिवाणाची झालर पिळत होता. आता उरला तंत्रोजी. त्याच्याकडं पाच पानं, साहेबांकडं चार. साहेब सुटणार हे लहान पोरानंही सांगितलं असतं. त्यांच्या चेहऱ्यावर, खरं सांगते, किंचित हसू आलं होतं.

दारावर कोणीतरी आलंय, म्हणाला तंत्रोजी, आणि तोही निघून गेला.

पडद्यावर चार पानं हातात घेतलेले एकटे वैशंपायनसाहेब उरले. मग पडदा गुलाबी झाला, फुलं पडली, एक गाढव मागच्या पायांवर नाचत आलं आणि आबांच्या आवाजात तीनदा ओरडलं. तो आवाज इंद्यानं पूर्वी चोरून टिपून ठेवला होता.

साहेबांनी फोन उलटसुलट करून बघितला.

"म्हणजे," साहेब सावकाश म्हणाले, "मी गाढव?"

मी "नाही नाही सर" म्हणायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात दारातून आत्या म्हणाली, "हो की."

"आत्या!"

"अगं, पानं कुणाच्या हातात उरली? त्यांच्या. मग गाढव कोण? आणि आमच्यात गाढवानं गॅलरीत जाऊन तीनदा ओरडायचं असतंय, सायेब. पाव्हणा असला म्हणून सुटत न्हाई."

मला वाटलं, संपलं. आता जूनमध्ये कुठल्या डब्यात बसायचं तेवढंच बघायचं. पण साहेब चिडले नाहीत. त्यांनी फोन खाली ठेवला आणि अगदी गंभीरपणे, एखादा मुद्दा मांडावा तसं विचारलं, "बाई, मी ओरडेन. पण कुणासाठी? मला हरवलं कुणी? इथं कुणी नव्हतंच. या यंत्रोजीला माझ्या ओरडण्याचं सुख थोडंच आहे?"

"मग त्याला वरडायला लावता येतंय का?"

"नाही."

"मग त्याच्यासंगं झब्बू खेळायचा कशाला?" आत्या म्हणाली, आणि फ्रिजवरचा पत्त्यांचा जोड काढून तिनं सतरंजी अंथरली. "बसा खाली. माणसांसंगं खेळून बघा."

मी इंद्याकडं बघितलं, इंद्यानं माझ्याकडं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, इथं काडीपण आत्याच्या हातात होती. आम्ही बसलो. आणि वैशंपायनसाहेब पॅन्टची इस्त्री सांभाळत खाली बसले.

पहिली दोन-तीन पानं ते सभ्यपणे खेळले. मग आत्यानं त्यांना झब्बू दिला आणि "घ्या, पुण्याला घेऊन जावा!" म्हणाली. साहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पुढचा सगळा डाव ते आत्याच्या मागावर होते. इंद्या सुटला. मी सुटले. साहेबांकडं तीन पानं, आत्याकडं तीन. आत्यानं बदामाची राणी टाकली. साहेबांनी तिच्याकडं पाहिलं, मग स्वतःच्या पानांकडं पाहिलं आणि इस्पिकचा एक्का असा आपटला की सतरंजीवरची धूळ उडाली.

"झब्बू!" ते ओरडले. "घ्या, गंगावेशीला घेऊन जा!"

आत्यानं पानं उचलली. तिच्याकडं चार झाली, साहेबांकडं दोन उरली. तिनं नाक वर करून हवा हुंगली.

"अगं बया, दूध उतू जातंय," ती म्हणाली. "आलो हं!" आणि उठली.

आमच्याकडं बायकाही आलो, गेलोच म्हणतात, त्यात काही विशेष नव्हतं. मला तिच्या उठण्यातही काही विशेष वाटलं नाही. माझा सगळा जन्म आत्याला असं उठताना बघण्यात गेला होता. पण माझ्या शेजारी इंद्या दगडासारखा थिजला होता, आणि साहेबांनी एक बोट वर केलं होतं.

"एक मिनिट. मघाशी आपण म्हणालात की या घरात दुपारी दूध नसतं."

आत्या दारातच थबकली.

"सकाळचं संपलं, म्हणालात. संध्याकाळी धार काढून आणणार, म्हणालात. म्हणून मला कोकम दिलंत." साहेब उठले, आत्याला ओलांडून स्वयंपाकघरात गेले आणि आतून त्यांचा आवाज आला. "पातेलं नाही! शेगडी थंड आहे! ही शेगडी सकाळपासून पेटलेली नाही!"

"गार्गे," इंद्या माझ्या कानात पुटपुटला. "अगं, त्यानं आत्याचे डाव बघितलेत. हरायला आली की आत्या उठते. उठली की गाढव होत नाही. हेच शिकलाय तो. यंत्रोजी म्हणजे आत्या आहे. मंत्रोजी पण आत्याच. तिन्ही आत्या!"

मला हसू असं फुटलं की मी सतरंजीवर आडवी झाले. रडतही होते बहुतेक. इतकी वर्षं! एवढी दुधं उतू गेली, एवढे कुकर झाले, दारावर एवढी माणसं आली, आणि आम्ही एकदाही आत जाऊन बघितलं नाही. पुण्याच्या एका माणसानं पहिल्याच डावाला जाऊन बघितलं.

"पण ती उठली तरी गाढव ठरायला हवी ना?" साहेब बाहेर येऊन विचारत होते. त्यांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता. "पानं तर तिच्या हातात आहेत!"

"आमच्यात कायदा हाय," आत्या ताठ मानेनं म्हणाली. "चुलीसाठी उठलेला गाढव नव्हे."

तो कायदा तिच्या सांगण्यावरून आम्ही फोनवरच्या खेळातही घातला होता.

"हा कायदा केला कुणी?" साहेबांनी विचारलं.

"मी. सोळा वर्षांची होतो तवा." आता तिचा आवाज जरा खाली आला. "आम्ही पोरी खेळाय बसलो की आतनं हाक यायची. चहा टाक, पाव्हणं आलं. उठायचं कुणी? दादा उठायचा का? चहा देऊन परत येईस्तोवर ही सगळी बापय मंडळी सुटलेली असायची आणि आम्ही गाढव. रोज गाढव. म्हणून म्हटलं, कायदा करायचा."

"कायदा योग्यच आहे," साहेब म्हणाले. "पण आज दूध नव्हतं."

आत्यानं थोडा विचार केला. "दूध नव्हतं," ती म्हणाली, आणि तिला हसू आवरेना. पदर तोंडात कोंबून ती भिंतीला टेकली. "चाळीस वर्षं झाली की वो, आता कुठं सापडलो."

मग ती गॅलरीत गेली. नऊवारी नेसून एखादी बाई पहिल्यांदा विमानात चढावी तशी. पहिलं ओरडणं अगदी चिरकं निघालं. दुसरं त्याहून बरं. तिसऱ्याला तिनं कठडा धरला, डोळे मिटले आणि असा काही सूर लावला की खालच्या तारेवरचे कावळे उडाले.

"आबा!" खालून इस्त्रीवाल्याचा आवाज आला. "लई दिवसांनी वरडला, पण आवाज बारीक लागलाय, तब्येत बरी हाय न्हवं?"

"मी न्हवं!" पहिल्या मजल्यावरून आबा ओरडले. मग चपला न घालता कुणीतरी जिना चढत असल्याचा आवाज. दारात आबा उभे, अंगात बनियन, हातात अर्धा सोललेला आंबा.

"माले? तू?"

"मीच, दादा."

आबांनी आंबा माझ्या हातात दिला. त्यांनी हात धुतले नाहीत, की साहेबांना नमस्कार केला नाही. ते सरळ सतरंजीवर बसले आणि जोड आत्याकडं सरकवला. "पिस. गाढवानं पिसायचं असतं."

आत्या पिसत होती तेव्हा साहेब माझ्याकडं वळले. मी आंबा धरूनच उभी होते.

"तुमचा खेळ आम्ही घेतो," ते म्हणाले. "पण तो संगणक काढून टाका."

"सर, पण चौथा माणूस नसला तर?"

"तर थांबतील. ते तिघं मला टाकून गेले तेव्हा मला रागसुद्धा आला नाही हो. यांत्रिक गोष्ट, बंद पडली एवढंच. पण तुमच्या आत्या उठल्या, तेव्हा मी परक्या घरात स्वयंपाकघरापर्यंत गेलो." ते स्वतःच चकित झाल्यासारखे थांबले. "मी कधी कुणाच्या स्वयंपाकघरात जात नाही."

आज आमचा झब्बू खूप लोक खेळतात. त्यातलं रोज कुणीतरी तक्रार करतं की कॉम्प्युटरशी खेळायची सोय का नाही. इंद्या त्यांना लांबलचक तांत्रिक उत्तर पाठवतो. दुधाचं बटण मात्र आम्ही ठेवलंय. ते दाबून उठलं तर गाढव होत नाही, फक्त उरलेल्यांना म्हणता येतं, गॅसवर पातेलं दाखवा.

पण त्या दुपारी मला आनंद व्हायला अजून जागा नव्हती. साहेबांनी हो म्हटलं तरी हैदराबादचा दोर आबांच्या हातात होता, आणि आबांनी एकदा ठरवलं की ठरवलं. त्यांनी तर साहेबांचं बोलणं ऐकल्याचंसुद्धा दाखवलं नाही. ते पानं लावत होते.

आम्ही पाच जण बसलो. आणि दोन वर्षांचा उपास सोडलेले आबा इतके वाईट खेळले की बघवेना. आत्यानं त्यांना झब्बू दिला, मी दिला, साहेबांनी तर दोनदा दिला. एकेक जण सुटत गेला. आबांच्या हातात पानांचा पंखा उघडलेला. त्यांनी तो मिटला. पुन्हा उघडला. मग पानं सतरंजीवर पालथी ठेवली आणि गुडघ्यावर हात टेकून उठले.

"कुठं निघाला, दादा?" आत्यानं विचारलं.

"चुलीसाठी."

"चुलीवर काही न्हाई. दूध पण न्हाई."

"ठाऊक हाय. कोरा करतो." ते आत गेले. आतून काड्यापेटीचा आवाज आला, मग भांडं पडल्याचा, मग आणखी एका भांड्याचा. माझ्या आयुष्यात मी आबांना त्या बाजूला पहिल्यांदा बघत होते. आत्या हातातलं पान विसरून दाराकडं बघत बसली होती.

"माले," आतून हाक आली, "साखर कुठल्या डब्यात असती?"

"निळ्या," आत्या म्हणाली.

"आणि गार्गे!"

"काय आबा?"

"त्या हैदराबादवाल्यांना कळीव. म्हणावं, दुसरं माणूस बघा. आमच्यात चौथा भिडू कमी पडतोय."

सतरंजीवर आबांची रिकामी जागा धरून आम्ही पाच जण होतो. पण कुणी मोजलं नाही.